भाकरीला राजमान्यता

महाराष्ट्र राज्याने आपल्या मानचिन्हांची जी यादी वेळोवेळी सिद्ध केली आहे, तीत सह्याद्रीच्या रायांतून उड्या घेणारे शेकरू आहे, हरियाल पक्षी आहे, आंब्याचा वृक्ष आणि ताम्हणाचे फूल आहे. २०१५ साली तीत नीलवंत फुलपाखराची आणि २०२० साली खाडीकाठच्या कांदळवनातील पांढऱ्या चिप्पीची भर पडली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमाशाचा मान देण्यात आला. या मुलखातील माणसे ज्याच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरीत आली, त्या रोजच्या अन्नाला मात्र या यादीत अद्याप जागा मिळालेली नाही. ज्याचे रक्षण करावयाचे त्याचे नाव आधी सरकारदप्तरी नोंदवावे लागते, हा राज्यकारभाराचा जुना दस्तूर आहे. आणि रक्षणाची गरज रानातल्या जीवांना जितकी आहे तितकीच आज शिवारातल्या धान्यांनाही आहे. माझे मत असे आहे की ही रिकामी जागा भाकरीला द्यावी, आणि ती देताना शासनाने स्वतःवर काही बंधने लेखी घालून घ्यावीत. दुसरी गोष्ट होणार नसेल तर पहिलीचा आग्रह मी धरणार नाही.

पापलेटाचा निर्णय या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे पापलेटासाठी नावाजलेले बंदर, आणि या माशाला राज्याचा मान मिळावा ही मागणी तेथील मच्छिमारांच्या सहकारातूनच पुढे आली होती. तिच्यामागे मिरवण्याची हौस नव्हती. जाळ्यांचे आस बारीक होत गेले, अंडी घालण्याच्या वयाला न पोहोचलेली पिल्ले टोपल्यांतून विकली जाऊ लागली, आणि असेच चालू राहिले तर आपल्या मुलांच्या वाट्याला हा मासा राहणार नाही, ही धास्ती त्या मागणीच्या मुळाशी होती. मान जाहीर झाल्यावर दोनएक महिन्यांतच शासनाने पापलेटासह ५४ जातींच्या सागरी जीवांची किमान लांबी ठरवून दिली आणि त्याहून आखूड माल पकडण्यास बंदी केली. अंमलबजावणी किती कसोशीने होते हा निराळा प्रश्न आहे. परंतु नाव आणि नियम यांची सांगड एकाच वर्षात पडली, हे या निर्णयाचे खरे महत्त्व, आणि अन्नधान्याच्या बाबतीत मला हवी आहे ती नेमकी हीच सांगड.

राज्याचे अन्न कोणते म्हणावे, असा प्रश्न चार माणसांत निघाला की पुरणपोळीचे नाव प्रथम येते, मग मोदकाचे, आणि मुंबईकर असतील तर वडापावाचे. पुरणपोळी थोर खरी, पण ती सणाची आहे; वर्षाचे उरलेले दिवस ज्यावर निघतात ते तिच्या नावाने झाकले जाईल. वडापावाने गिरणगावाची आणि नंतर साऱ्या शहराची भूक भागविली, त्याचा मान कोणी नाकारू नये. तथापि त्यातील पाव मैद्याचा, आणि त्या मैद्याचा गहू कोणत्या प्रांतातून आला हे खाणाऱ्याला कधीच कळत नाही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याला पेठ आहे आणि परदेशी गिऱ्हाईकही आहे. राजमान्यतेची तहान त्याला नाही.

भाकरीचे तसे नाही. ती एक पदार्थ म्हणून ओळखली जाते, परंतु जिल्हा बदलला की तिचे धान्य बदलते. मंगळवेढ्याची आणि एकूणच सोलापूरकडची भाकरी रब्बी ज्वारीची, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडीने सिद्ध झालेल्या मालदांडी ३५-१ या वाणाने तिला पांढरेपणा आणि गोडी दिली, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. नगर-नाशिककडच्या हलक्या जमिनींत आणि बीडच्या कोरड्या पट्ट्यात थंडीची भाकरी बाजरीची; खानदेशात ज्वारीबरोबर उडीद दळून केलेली कळण्याची; घाटमाथ्यावर, कोल्हापूरच्या पश्चिमेस आणि जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर नाचणीची; आणि ठाणे, पालघर, रायगड येथील सखल भागात तांदळाची. एवढ्या निरनिराळ्या मातींना, पर्जन्यमानांना आणि जातिजमातींना एका नावाखाली आणणारे, आणि तरीही प्रत्येकाला आपापल्या धान्यावर ठाम राहू देणारे दुसरे अन्न आपल्या प्रांतात नाही. चपातीचे कौतुक करणाऱ्याला गहू विकत आणावा लागतो. भाकरीचे कौतुक करणाऱ्याला आपल्याच तालुक्याच्या शिवाराकडे पाहावे लागते.

आमच्या खारबावकडची भाकरी तांदळाची. भिवंडी तालुक्यात, दिवा-वसई लोहमार्गावर, उल्हास आणि कामवारी यांच्या खाडीपात्रांपासून फार दूर नसलेला हा पट्टा आगरी, कोळी, कुणबी आणि आदिवासी वस्तीचा आहे, आणि येथल्या स्वयंपाकघरात भाकरी करणे हे हाताचे शास्त्र आहे. आधणाच्या पाण्यात पीठ वैरून त्याची उकड काढावयाची, ती परातीत घेऊन वाफ निवण्याच्या आत मळावयाची, गोळा पाण्याच्या हाताने थापीत कडेपर्यंत सारखा पातळ करावयाचा, तव्यावर टाकताच वरच्या अंगावरून ओला हात फिरवावयाचा, आणि उलटून विस्तवावर धरली की ती टम्म फुगावयाची. नव्या तांदळाचे पीठ हाताला चिकटते, फार दिवसांच्या पिठाला थापताना चिरा जातात; कोणत्या पिठाला आधण किती आणि मळणी किती, याचा हिशेब कोठे लिहिलेला नाही. सोबत सुकट असो, वालाचे बिरडे असो, की नुसते लसणीचे तिखट असो, ताटात मुख्य जिन्नस ती असते.

या भाकरीचा तांदूळ ज्या जमिनीत होतो त्या जमिनीची कथा शहरात बसून मासिके वाचणाऱ्यास सहसा ठाऊक नसते, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. खाडीकाठच्या खारजमिनीत भात पिकविणे म्हणजे समुद्राशी करार करणे आहे, आणि त्या कराराचे नूतनीकरण दर वर्षी करावे लागते. भरतीचे पाणी अडविणारा मातीचा बांध घालावयाचा आणि त्यात उघाडी बसवावयाची; ओहोटीच्या वेळी आत साचलेल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्याने तिची झडप बाहेर उघडते आणि शेताचे पाणी खाडीत उतरते, भरती चढू लागली की खाडीच्याच रेट्याने ती आपोआप मिटते. ज्येष्ठातले पहिले पाऊस मातीतील क्षार धुऊन नेईपर्यंत बी टाकता येत नाही. मग पुष्कळ ठिकाणी रोप लावण्याऐवजी मोड आणलेले बी, ज्याला रहू म्हणतात, चिखलात फेकतात. अशा मातीत वरकस जमिनीवरचे नाजूक वाण टिकत नाहीत. तेथे राता लागतो, तांबड्या दाण्याचा, काटक, क्षार सोसणारा. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने या जुन्या वाणांतून काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० असे निवडक वाण वेगळे केले आणि पुढे पनवेल-१, २, ३ ही क्षारसहनशील भाते शेतकऱ्यांना दिली. कर्जतचे भात संशोधन केंद्र तर १९१९ पासून या कामात आहे. म्हणजे ज्ञान आहे, बी आहे, कसणारे हातही अजून आहेत. नाही तो मान, आणि मानाबरोबर यावयास हवी ती पेठ.

बांधांच्या रक्षणासाठी कायदेही झाले. मुंबई इलाख्यात १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राने खारजमीन विकासाचा स्वतंत्र कायदा केला. योजना शासकीय आणि खाजगी अशा दोन वर्गांत मोडतात, आणि खाजगी बांधांची डागडुजी रयतेनेच करावयाची असते. पूर्वी गावकीच्या श्रमाने ती होत असे. आज घरातला कर्ता मुलगा गोदामात पाळीवर जातो, बांधावर माती टाकावयास माणूस मिळत नाही, आणि एखाद्या अमावास्येच्या उधाणाला बांधाला खांड पडते. खांड लगेच बुजली नाही तर खारे पाणी शेतात फिरते, त्याच्याबरोबर तिवरांची बीजे येऊन रुजतात, आणि काही वर्षांनी सातबाऱ्यावर भात लिहिलेल्या जमिनीवर कांदळवन उभे राहते. उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवन तोडण्यास कडक मनाई केली, आणि खाडीच्या व किनाऱ्याच्या हितासाठी ती योग्यच होती; पण यातून जे घडले त्याकडे डोळेझाक करता येत नाही. बांधाबाहेरच्या पांढऱ्या चिप्पीला राज्याचा मान आहे, तिच्यामागे कायदा, खाते आणि न्यायालय उभे आहे. बांधाआतल्या रात्याला कोणीच नाही, आणि बांध कोसळला की दोघांच्या सीमेवरचा वाद रात्याच्या विरुद्धच निकालात निघतो. चिप्पीचा मान काढून घ्या असे कोणी म्हणणार नाही. रात्यालाही एक कैवारी द्या, एवढेच मागणे आहे.

भाताचा दुसरा प्रतिस्पर्धी खाडीतून आलेला नाही, रस्त्याने आला आहे. मानकोली, राहनाळ, वळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात भाताच्या खाचरांवर भराव पडून जी गोदामे उभी राहिली, त्यांनी भिवंडीला मालवाहतुकीची मोठी पेठ केले. मुंबई महानगर प्रदेशाच्या २०१६-२०३६ या मुदतीच्या प्रादेशिक योजनेत खारबावला नवे वाढकेंद्र म्हणून स्थान आहे, आणि येथे व्यापार व मालवाहतुकीचे संकुल उभारण्याचा या प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाचा संकल्प आहे. जमीन विकणाऱ्यास मी दोष देणार नाही. एका बाजूस भाताची वर्षाची मिळकत आणि दुसऱ्या बाजूस गोदामाच्या जागेचे भाडे असा जमाखर्च ज्याच्या पुढ्यात येतो, त्याने पूर्वजांच्या नावाने भावनेवर निर्णय घ्यावा, हे सांगण्याचा अधिकार पगारावर जगणाऱ्या आम्हां लोकांना नाही. परंतु सरकारला तो हिशेब बदलता येतो, निदान काही शिवारांपुरता. आणि तो बदलण्याचे साधन म्हणून अन्नचिन्हाचा विचार व्हावा असे मला वाटते.

येथे कोणी म्हणेल की भाकरीला सरकारने जवळ केले नाही असे कसे म्हणता? केले होते. १९९५ साली अधिकारावर आलेल्या युतीच्या मंत्रिमंडळाने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली, गावोगावी आणि मुंबईच्या नाक्यानाक्यांवर तिची केंद्रे उभी राहिली, आणि भाकरी हा शब्द काही वर्षे शासनाच्या फलकांवर झळकला. भुकेल्या माणसाला स्वस्तात पोटभर आणि तेही त्याच्या ओळखीचे अन्न द्यावे, हा हेतू उदात्तच होता, आणि हमाल, गाडीवान, रोजगारास आलेली बायामाणसे यांनी त्याचा लाभ घेतला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अनुदान पुढे थांबले, भाकरी परवडेनाशी झाली, आणि कित्येक केंद्रांच्या जागी चहा, वडे आणि इतर खाद्यपदार्थांचे गाळे सुरू झाले. त्या योजनेत दोन टोकांचा विचार बारकाईने झाला होता, एक म्हणजे खाणारा आणि दुसरे म्हणजे केंद्राची जागा. मधला दुवा, म्हणजे त्या भाकरीची ज्वारी कोणत्या शेतकऱ्याकडून, कोणत्या भावाने आणि किती वर्षांच्या हमीने घ्यावयाची, हा बांधलाच गेला नव्हता. म्हणून केंद्र बंद पडले तेव्हा शिवारात कोणाचे काही बंद पडले नाही, आणि कोणी शेतकरी ते चालू ठेवा म्हणून मामलेदार कचेरीवर गेला नाही.

झुणका-भाकर योजनेच्या आरंभानंतर पंचवीस वर्षांनी, २६ जानेवारी २०२० रोजी, दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. तिचा तपशील शासनाने वजनासकट ठरविला: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. एवढी काटेकोर तरतूद करणाऱ्यांच्या लेखणीतून भाकरी निसटली, हे मला आजही खटकते. महामारीच्या काळात या थाळीने असंख्य लोकांना आधार दिला, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. परंतु सोलापुरातही चपाती, जव्हारातही चपाती आणि भिवंडीतही चपाती, असे जेव्हा एकाच आदेशाने ठरते, तेव्हा सोलापूरची ज्वारी, जव्हारची नाचणी आणि भिवंडीचा तांदूळ यांचे सरकार हेच जे एक मोठे आणि नेमाचे गिऱ्हाईक होऊ शकले असते, ते गिऱ्हाईक त्याच आदेशाने हातचे जाते.

हा प्रवाह थाळीपुरता नाही. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली त्या पिढीला आपल्या ज्वारीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. पण त्याच पिढीच्या डोळ्यांदेखत महाराष्ट्रातील ज्वारीचे क्षेत्र पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी झाले आणि विदर्भात खरीप ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. कारणे अनेक आहेत: पाखरांची राखण, कापणी-मळणीच्या मजुरीचा खर्च, भावाची अनिश्चितता. त्यांत एक कारण शिधावाटपाच्या दुकानाचे आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गहू यांच्याबरोबर भरड धान्याचेही नाव आहे, म्हणजे कायद्याने दार बंद केलेले नाही. तरी दुकानातून वर्षानुवर्षे मुख्यत्वे गहू-तांदूळच मिळाला, आणि जे फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळते त्याची सवय जिभेला लागते. तांदळाच्या बाबतीत तर विपरीत गोष्ट घडते. शहापूर, मुरबाड, वाडा येथील भात आधारभूत भावाने सरकार घेते, ते भरडले जाऊन सामायिक साठ्यात जाते, आणि ते पुन्हा ज्याच्या ताटात येते त्याला ते कोणत्या गावचे हे समजण्याची सोयच उरत नाही. नामांकित वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेही अशाच नामहरणाच्या त्रासातून: वाड्याचे नाव लावून परमुलखाचा तांदूळ मुंबईच्या पेठेत उघड विकला जात होता आणि वाड्याचा शेतकरी आपल्याच नावाला पारखा झाला होता.

मान आणि कायदा जोडीने असले तर काय होते आणि नुसता मान असला तर काय होते, याची साक्ष अमेरिकेतील दोन राज्यांत मिळते. तेथे राज्याराज्याने आपापले अन्न ठरविण्याची प्रथा पुष्कळ रूढ आहे. जॉर्जियात व्हिडेलिया नावाचा गोड कांदा होतो. त्या राज्याने १९८६ साली आधी कायदा करून हे नाव कोणत्या तालुक्यांतील कांद्याला लावता येईल ते बांधून घेतले, आणि मगच १९९० साली त्याला राज्याच्या भाजीचा मान दिला. तो कांदा आजही आपल्या नावावर जास्त भाव खातो. उलट न्यू मेक्सिकोने १९६५ मध्येच मिरचीला हा मान देऊन टाकला, घरोघर तिचे प्रेम होते, पण त्या नावाने बाहेरची मिरची विकण्यास मनाई करणारा कायदा २०११ साली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी आला, आणि तोवर त्या राज्यातील मिरचीचे क्षेत्र आपल्या ऐन बहराच्या मानाने पुष्कळच आकसून गेले होते. परकी मिरची आणि मजुरांची टंचाई ही त्याची कारणे सांगतात. त्यांना मान तोंड देऊ शकला नाही.

आपल्या देशातही पाहता येते. केरळने २१ मार्च २०१८ रोजी फणसाला राज्यफळ ठरविले, कारण परसातला फणस झाडाखाली सडत होता आणि त्याला कोणी मालच समजत नव्हते. घोषणेबरोबर त्याचे पीठ, गरे, चिप्स यांचा व्यापार उभा करण्याचा विचारही पुढे आला. गोव्यात २०१६ साली कायद्यातील दुरुस्तीने माड हा वृक्षच नाही असे ठरले आणि तोडीवरचा अंकुश सैल झाला, लोक खवळले, आणि पुढल्याच वर्षी नव्या सरकारने माडाला केवळ वृक्षांत परत आणून न थांबता राज्यवृक्षाचा मान दिला. गोव्याची ही हकीकत मला फार मोलाची वाटते. तेथे मानाच्या मागे नारळावर जगणाऱ्यांचा खराखुरा रोष होता. आणि कर्नाटकाने तर कोणतेही बिरुद न लावता, दक्षिणेच्या जिल्ह्यांत नाचणी आणि उत्तरेच्या जिल्ह्यांत ज्वारी शिधापत्रिकेवर देण्याचे धोरण स्वीकारले. ओडिशाने २०१७ पासून नाचणीची मोहीम चालवून ती अंगणवाडीच्या लाडवापर्यंत नेली. विजापूरच्या शिधापत्रिकेवर जे बसते ते सोलापूरच्या शिधापत्रिकेवर बसणार नाही असे मानण्यास मला काही आधार दिसत नाही.

म्हणून भाकरीला राजमान्यता देणाऱ्या शासननिर्णयात प्रस्तावनेच्या गोड वाक्यांखाली काही रुक्ष कलमे असावीत. शिवभोजन, आश्रमशाळा, शासकीय वसतिगृहे, रुग्णालये आणि कारागृहे येथील जेवणात आठवड्यातून ठराविक वेळा भाकरी असेल, आणि तिचे धान्य त्याच जिल्ह्यात पिकलेले असेल. ते धान्य शेतकऱ्यांच्या संस्थांकडून पेरणीपूर्वी जाहीर केलेल्या भावाने आणि निदान तीन वर्षांच्या कराराने घेतले जाईल, कारण एका वर्षाच्या हमीवर कोणी बांध दुरुस्त करीत नाही. आणि ज्या शिवारातील धान्य या करारात आले त्या शिवाराच्या बांधांची, उघाड्यांची, पाणंदींची जबाबदारी संबंधित खात्यावर राहील, मग योजना शासकीय असो वा खाजगी. शेवटचे कलम कोणालाही लहान वाटेल. खारपट्ट्यातल्या शेतकऱ्याला तेच प्रथम वाचावेसे वाटेल.

आक्षेप येतील, आणि त्यांतला एक वजनदार आहे. भाकरी निवली की कडक होते, ती शेकड्याने आगाऊ करून ठेवता येत नाही, आणि थापणारे हात स्त्रियांचे असतात. तेव्हा भाकरीचा गौरव म्हणजे चुलीपुढच्या कष्टाचा गौरव करून तो कष्ट स्त्रीच्याच माथी कायम ठेवणे होईल, असे कोणी म्हटल्यास ते ऐकून घेतले पाहिजे. माझे उत्तर असे की घरातले हे कसब आजवर बिनमोल राबले, म्हणूनच नव्या सुना त्यापासून दूर गेल्या. तेच कसब सरकारी पुरवठ्याच्या करारात आले, बचत गटाच्या नावे निविदा निघाली, भाकरीमागे दर ठरला आणि तो वेळेवर अदा झाला, तर ते घरातल्या चाकरीतून उठून रोजगाराच्या पायरीवर येईल. सोलापूरच्या कडक भाकरीने हे दाखवूनही दिले आहे; दिवसचे दिवस टिकणारी ती भाकरी स्त्रियांच्या हातची, आणि ती दूरदूर विकली जाते. भाकरी थापण्याची यंत्रेही आता मिळतात. तांदळाच्या उकडीला ती कितपत मानवतात हे पाहून घेण्याचे काम दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे सोपवावे. १९७२ साली ते याच मुलखाच्या शेतीसाठी स्थापन झाले.

महागाईचा आक्षेप मला तितका पटत नाही. परप्रांतातून गहू आणण्याची वाहतूक, साठवण आणि घट यांचा खर्च सरकार आजही सोसते, तो वेगळ्या खात्यात लिहिला जातो एवढेच. आणि ज्यांना गव्हाची चपातीच हवी त्यांच्या ताटातून ती काढून घ्या असे कोणीही म्हणत नाही.

सारा महाराष्ट्र एका दिवसात बदलावा असाही माझा हट्ट नाही. आरंभ ठाणे जिल्ह्यापासून व्हावा: येत्या हंगामात भिवंडी तालुक्यातील ज्या खारबांधांआड अजून भात उभे राहते त्यांची तलाठ्यांकडून नोंद घेतली जावी, मार्गशीर्षात मळणी उरकताच त्या भाताचा पहिला करार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्वाक्षरीने व्हावा, शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांत त्याच्या तांदळाची भाकरी मुलांच्या ताटात पडावी, आणि खांडी बुजविण्याचा निधी वैशाखाच्या आत, म्हणजे माती सुकी असून बांधावर काम करता येते तोवर, गावात पोहोचावा.